सँटोरिनी : भूकंपांच्या फेब्रुवारीनंतर पाहिलेलं बेट

रानवाटा (२३ नोव्हेंबर २०२५)

फेब्रुवारीत ग्रीसमधल्या सँटोरिनी बेटावरच्या भूकंपांच्या बातम्या सुरू झाल्या तेव्हा आमची मे महिन्याची तिकिटं काढून झाली होती. आई-बाबा, नवरा आणि मी. दोन आठवडे घरात एकच विषय, जायचं की नाही. शेवटी बाबाच म्हणाले, "तिथली माणसं परत घरी गेली ना, मग आपणही जाऊ." गेलो, सहा दिवस राहिलो. आल्यावर लिहायचं राहूनच गेलं. आता त्या भूकंपांवरचा आणखी एक अभ्यास बातम्यांत आला आणि मी वही काढून बसले.

आधी बेटाबद्दल, कारण मला स्वतःला ते तिथे जाईपर्यंत नीट कळलं नव्हतं. फोटोंत निळे घुमट दिसतात, पांढरी घरं दिसतात, पण ती घरं कशाच्या काठावर उभी आहेत ते दिसत नाही. इथे एक मोठा ज्वालामुखी होता. त्याचा मधला भाग कोसळला, समुद्र आत शिरला आणि नुसता काठ उरला. तो काठ म्हणजे सँटोरिनी. स्थानिक ग्रीक लोक त्याला थिरा म्हणतात; सँटोरिनी हे नाव संत इरिनीवरून पडलं. नकाशात बेट चंद्रकोरीसारखं दिसतं. समोर थिरासिया नावाचं लहान बेट आहे, तेही त्याच काठाचा तुकडा. या दोघांच्या मधे जो समुद्र आहे तोच कॅल्डेरा, साधारण ११ किमी लांब आणि ७ किमी रुंद. खोली जवळजवळ ४०० मीटर. वर कडे ३०० मीटरपर्यंत सरळ उभे.

बोटीतून त्या कड्याकडे पाहिलं की थर मोजता येतात. काळा, विटकरी, पुन्हा काळा, आणि सगळ्यात वर पांढुरका. तो पांढुरका थर म्हणजे शेवटच्या महास्फोटात पडलेली राख आणि प्युमिस, म्हणजे हलका सच्छिद्र दगड. फिरा, इमेरोविग्ली, ईया ही सगळी फोटोतली गावं त्याच थरावर आहेत. पूर्वी गरिबांनी तो थर कोरून आत घरं केली, कारण बेटावर इमारती लाकूड नव्हतं. आज त्याच कोरीव खोल्यांचं एका रात्रीचं भाडं ऐकून आई बराच वेळ गप्प होती.

मागची बाजू अगदी वेगळी. तिथे कडे नाहीत, जमीन हळूहळू उतरत समुद्राला मिळते. कामारी आणि पेरिसाचे किनारे काळ्या वाळूचे, दुपारी पाय ठेववत नाही. सगळ्यात उंच डोंगर प्रोफितिस इलियास, ५६७ मीटर, आणि तो ज्वालामुखीचा नाहीच. चुनखडीचा आहे, ज्वालामुखीच्या आधीपासूनचा.

कॅल्डेराच्या मधोमध दोन काळी बेटं आहेत, पालिआ कामेनी आणि निआ कामेनी. कामेनी म्हणजे जळालेली. एक जुनी जळालेली, एक नवी. नव्या जळालेलीवर आम्ही चढलो. १७०७ साली समुद्रातून वर येऊ लागलेली जमीन. शेवटचा उद्रेक १९५० चा, म्हणजे बाबांच्या जन्मसालचा. तिथे एका भेगेतून गरम वाफ येते. बाबांनी तिच्यावर हात धरला आणि बराच वेळ काढलाच नाही.

बाकीचं प्रतिसादांत लिहीन. कोणी गेलं असेल, कोणाला भूगर्भातलं कळत असेल तर कृपया भर घाला.

---

बेसाल्ट (२३ नोव्हेंबर २०२५)

छान लिहिलंय. भूगर्भशास्त्र शिकवतो, म्हणून थोडी भर घालतो.

आपल्याकडे सह्याद्री पाहिलेल्या माणसाला "ज्वालामुखी" म्हटलं की काळा बेसाल्ट आठवतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा भेगांमधून बाहेर आला आणि पातळ काकवीसारखा पसरत गेला. थरावर थर. म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. सँटोरिनीचं कूळ निराळं. तिथे आफ्रिकेची भूपट्टी एजियन समुद्राखाली सरकते आहे. त्यातून तयार होणाऱ्या मॅग्मात, म्हणजे वितळलेल्या खडकात, सिलिका जास्त असते, म्हणून तो चिकट असतो आणि वायू आत कोंडून राहतो. असा मॅग्मा वाहत नाही, फुटतो. प्युमिस म्हणजे त्या वायूच्या बुडबुड्यांसकट गोठलेला फेस. तो पाण्यावर तरंगतो.

तो महास्फोट इसवीसनपूर्व १६०० च्या आसपासचा. नेमक्या सालावर पुरातत्त्वज्ञ आणि किरणोत्सर्गी कार्बनवाले यांचं अजून पुरतं जमलेलं नाही. राखेत गाडली गेलेली ऑलिव्हची एक फांदी सापडली, तिच्या वलयांवरून सतराव्या शतकाच्या उत्तरार्धाकडे काटा झुकतो. इजिप्तशी जुळणाऱ्या भांड्यांवरून तो बराच अलीकडे येतो.

आता फेब्रुवारीबद्दल. जानेवारी २०२५ अखेर सँटोरिनी आणि अमोर्गोस यांच्या मधल्या समुद्रात, अ‍ॅनिड्रोस नावाच्या निर्जन बेटाजवळ भूकंपांचा थवा सुरू झाला. सगळ्यात मोठा धक्का १० फेब्रुवारीचा, ५.३ तीव्रतेचा. सप्टेंबरमध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासात २८ हजारांहून जास्त धक्के मोजलेत. त्यांचा निष्कर्ष असा की सुमारे ३० कोटी घनमीटर मॅग्मा खोलातून वर सरकला आणि समुद्रतळाखाली साधारण ४ किमीवर थांबला. अंदाज यावा म्हणून सांगतो, पानशेत धरण काठोकाठ भरलं की जेवढं पाणी असतं, साधारण तेवढा. तो खडक फाडत आडवा जात होता, धक्के त्याचे होते.

मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. बेटापासून ७ किमीवर ईशान्येला समुद्राखाली कोलुम्बो नावाचा दुसरा ज्वालामुखी आहे. १६५० साली तो फुटला तेव्हा विषारी वायूने सँटोरिनीवर सुमारे ७० माणसं आणि बरीच जनावरं गेली. सँटोरिनी आणि कोलुम्बो खोलवर एकमेकांशी जोडलेले आहेत, हे यंदाच्या धक्क्यांमुळे दिसलं. निआ कामेनीवरची वाफ पाहायला रोज बोटी जातात. कोलुम्बोवरून त्या नुसत्या पुढे निघून जातात, कारण पाण्यावर काहीच दिसत नाही.

---

कोयनाकाठ (२३ नोव्हेंबर २०२५)

रानवाटाताई, बेसाल्ट सर, दोघांचं लिहिणं मन लावून वाचलं. मी पाटण तालुक्यातला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी सात वर्षांचा होतो. आमचं अर्धं घर पडलं. शेजारच्या घरातली माणसं गेली. त्यानंतर कित्येक महिने गावात कोणी छपराखाली झोपलं नाही. अजूनही आमच्याकडे जमीन हलते आणि घरातली लहान पोरं वर मान करून आढ्याकडे बघतात, त्यांना कोणी शिकवलेलं नसतं.

म्हणून माझा प्रश्न सरळ आहे. बातम्यांत ११ हजारांहून जास्त माणसं बेट सोडून गेली असं वाचलं. जी राहिली ती का राहिली? आणि कशी राहिली? तुम्ही तिथे कोणाशी बोललात का?

---

रानवाटा (२३ नोव्हेंबर २०२५)

काका, बोलले. आम्ही मेगालोहोरी गावात एका घरात राहिलो होतो. मालकीणबाई साठीच्या पुढच्या, इंग्रजी मोडकंतोडकं, पण सांगायची इच्छा मोठी. त्यांची मुलगी आणि नातवंडं अथेन्सला गेली. शाळा बंदच होत्या, सँटोरिनीबरोबर आसपासच्या बेटांवरच्याही. ६ फेब्रुवारीला आणीबाणी जाहीर झाली, ती मार्चच्या सुरुवातीपर्यंत होती. लोकांना पोहण्याचे तलाव रिकामे करायला सांगितलं होतं, कारण भरलेला तलाव हलला की पाण्याच्या वजनाने इमारतीला धोका. कड्याखालच्या बंदरांपासून लांब राहायला सांगितलं होतं. बाई रात्री गाडीत झोपायच्या.

त्या राहिल्या द्राक्षांसाठी.

इथल्या वेली मांडवावर चढवत नाहीत. वारा इतका असतो की मांडव टिकणारच नाही. वेल जमिनीलगत गोल गोल विणतात, टोपलीसारखी, आणि घड त्या टोपलीच्या आत वाढतात. तिला कुलुरा म्हणतात. उन्हाळ्यात पाऊस नाही आणि वेलींना पाणी घालायची रीत नाही. रात्री समुद्रावरून येणारं धुकं आणि दव प्युमिस शोषून घेतो, त्यावर वेल जगते. मातीत चिकणमाती जवळपास नाहीच, त्यामुळे युरोपातल्या द्राक्षवेली संपवणारा फिलॉक्सेरा किडा इथे टिकला नाही. टोपली म्हातारी झाली की वरून कापतात, मुळातून नवी फुटते. त्यामुळे वेल पन्नास-शंभर वर्षांची दिसली तरी खालचं मूळ त्याहून कितीतरी जुनं असतं.

ही छाटणी आणि विणणं हिवाळ्यात करतात. नेमकं त्याच आठवड्यांत. बाई म्हणाल्या की जमीन हलली म्हणून वेल थांबत नाही, कोंब फुटायच्या आत विणावी लागते. गुडघ्यावर बसून विणताना धक्का आधी तळहाताला कळायचा, मग आवाज यायचा.

त्यांच्या आईने १९५६ चा भूकंप पाहिलेला. ९ जुलैचा, सुमारे ७.५ चा, ५३ माणसं गेली, गावंच्या गावं पडली. त्यानंतर निम्मं बेट अथेन्सला गेलं ते परत आलंच नाही, असं त्या सांगत होत्या. यंदाचे धक्के १९५६ च्याच पट्ट्यात होते, म्हणून जुन्या लोकांना जास्त भीती.

---

दर्यावर्दी (२४ नोव्हेंबर २०२५)

मी मूळचा वेंगुर्ल्याचा, बारा वर्षं क्रूझ जहाजांवर आहे. आमच्या क्रूमध्ये गोंयकार आणि मालवणी पोरं भरपूर. सँटोरिनीला किती वेळा आलो ते मोजलेलं नाही, आणि बेटावर उतरलो मात्र चारदाच.

जहाजवाल्याच्या नजरेने सांगतो. कॅल्डेरात पाणी इतकं खोल की मोठ्या जहाजाचा नांगर तळाला पोचत नाही. जहाज एकतर बोयाला बांधायचं, नाहीतर इंजिन चालू ठेवून जागेवर धरायचं. धक्क्याला लागायची सोय नाही. प्रवासी लहान बोटींतून फिराच्या जुन्या बंदरावर न्यायचे. तिथून वर जायला तीन वाटा. एक, ५८८ पायऱ्या. दोन, १९७९ पासूनची केबल कार. तीन, गाढवं आणि खेचरं. २०१८ साली ग्रीक सरकारने नियम केला की जनावरावर १०० किलोपेक्षा किंवा त्याच्या स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त ओझं नको. माझं कळकळीचं सांगणं आहे, गाढवावर बसू नका. जुलैच्या उन्हात त्या पायऱ्यांवर मी त्यांना पाहिलंय.

एका सकाळी चार-पाच जहाजं लागली की काय होतं, ते वरून दिसत नाही, खालून दिसतं. केबल कारची रांग पार बंदराच्या टोकापर्यंत, सावली नाही, म्हातारी माणसं उन्हात उभी. २०२४ पर्यंत गर्दीच्या दिवसांत १७ हजारांपर्यंत प्रवासी एका दिवसात उतरायचे. बेटाची वस्ती पंधरा-साडेपंधरा हजारांची. यंदापासून दिवसाला ८ हजारांची मर्यादा घातली, आणि जुलैपासून जहाजाने उतरणाऱ्या प्रत्येकामागे कर आला. जून ते सप्टेंबर २० युरो, वसंतात आणि ऑक्टोबरात १२, हिवाळ्यात ४. मिकोनोस बेटालाही तोच दर. माझ्या मते हे दहा वर्षं आधी व्हायला हवं होतं.

एक आठवण. २००७ च्या एप्रिलात 'सी डायमंड' हे जहाज इथेच खडकाला लागून बुडालं, दोन फ्रेंच प्रवासी सापडले नाहीत. ते जहाज अजून तळाशी आहे. आत शिरताना आमचे जुने बोसन, म्हणजे खलाशांचे मुकादम, त्या बाजूला पाहून कपाळाला हात लावायचे.

---

अबोली (२४ नोव्हेंबर २०२५)

आम्ही पुढच्या मे महिन्यात जायचं म्हणतोय. सासूबाई ७१ वर्षांच्या, गुडघे दुखतात, पण त्यांचीच हौस जास्त. जमेल का? आणि इतक्या पायऱ्या सगळीकडेच आहेत का?

---

रानवाटा (२४ नोव्हेंबर २०२५)

अबोली, जमेल, फक्त राहायची जागा नीट निवडा. ईया आणि इमेरोविग्लीत कड्यावरच्या खोलीला जाताना साठ-सत्तर पायऱ्या उतराव्या लागतात, आणि त्या जाहिरातीत दाखवत नाहीत. आमचीच पहिली दोन रात्रींची जागा अशी निघाली. "थोड्या पायऱ्या" म्हणून सांगितलं होतं, आई त्या दोन दिवसांत फक्त एकदा बाहेर पडली. पायऱ्यांचा आकडा मेलवर लेखी मागवा. कामारी किंवा पेरिसात राहिलात तर सगळं सपाट, किनाऱ्यावर चालता येतं, आणि बस फिराला जाते. बेटावरच्या सगळ्या बस फिरावरूनच सुटतात.

अक्रोतिरीचं उत्खनन, राखेखालून निघालेलं जुनं शहर, सासूबाईंना नक्की दाखवा. वर पूर्ण छप्पर आहे आणि चालायला लाकडी पूल. निआ कामेनीला मात्र नेऊ नका, खडी, चढ, सावलीचं नाव नाही. रेड बीचला दरडी कोसळतात, धोक्याचे फलक लावलेत, तरी लोक जातात. तुम्ही लांबून बघा.

अथेन्सच्या पायरियस बंदरातून मोठी बोट साधारण आठ तास घेते, वेगवान पाचेक. मोठी घ्या, कमी हलते. अथिनिओस बंदरातून वर येणारा रस्ता आपल्या घाटासारखा वळणावळणाचा आहे, पुढच्या सीटवर बसवा त्यांना. इंडिगोने जानेवारी अखेरीपासून मुंबई–अथेन्स थेट विमान जाहीर केलंय, म्हणजे तुमचा मधला थांबा वाचेल. खोलीच्या भाड्यावर सरकारी शुल्क वेगळं द्यावं लागतं, पंचतारांकित हॉटेलात हंगामात रात्रीला १५ युरो, लहान जागेत अगदी कमी. जुलै-ऑगस्ट टाळताय ते उत्तम. तेव्हा मेल्तेमी नावाचा उत्तरेचा जोरदार वारा सुटतो.

---

लाखोळी (२४ नोव्हेंबर २०२५)

शाकाहारी जेवणाचं कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. मी २०१९ ला गेले होते.

तिथे "फावा" मागवा. पिवळी डाळ शिजवून घोटतात, वर कांदा आणि ऑलिव्ह तेल. पहिला घास घेतला आणि मला माझ्या भंडाऱ्याच्या आजीचं घर आठवलं. नंतर शोधलं तेव्हा कळलं का ते. ही डाळ ज्या रोपाची, ते आपल्या लाखेच्या, म्हणजे लाखोळी डाळीच्या, कुळातलं. लॅथिरस हे कूळ एक. आपली लाख लॅथिरस सॅटायव्हस, त्यांची लॅथिरस क्लायमेनम. पूर्व विदर्भात धान कापायच्या आधी ओल्या बांधीत लाखोळी फेकतात, उतेरा पीक म्हणून. ती ना पाणी मागते ना खत. सँटोरिनीतही तेच, राखेच्या जमिनीत, धुक्यावर.

फरक नशिबाचा. आपल्या लाखेला लॅथिरिझमचं नाव चिकटलं, लुळेपणा येतो म्हणून १९६१ ला विक्रीवर बंदी आली, आणि गरिबाची डाळ म्हणून ती बदनाम झाली. दुष्काळात महिनोन्‌महिने फक्त तीच खाल्ली तर धोका असतो हे खरं आहे, पण माझी आजी भिजवून पाणी टाकायची आणि इतर डाळींबरोबर करायची. त्यांच्या फावाला युरोपात भौगोलिक नावाचं संरक्षण मिळालंय, लहानशा कापडी पिशवीत भरून विकतात. मी एक पिशवी आजीसाठी आणली. तिने दाणे तळहातावर घेऊन पाहिले आणि म्हणाली, "बारीक आहे, पण आपलीच आहे."

तिथली टोमॅटोची भजीही खा. लहान टोमॅटो, पाण्याशिवाय वाढवलेले, चव एकदम घट्ट.

---

मनमौजी (२५ नोव्हेंबर २०२५)

सगळं सुंदर आहे, पण मला एक बोचतंय. २०२३ मध्ये ३४ लाख लोक या बेटावर गेले. ७५ चौ. किमीच्या आसपासची जमीन, नदी नाही, पिण्याजोगं पाणी समुद्राचं खारं काढून करायचं. शाळेतल्या शिक्षकांना, दवाखान्यातल्या परिचारिकांना राहायला घर मिळत नाही, कारण प्रत्येक खोली पर्यटकाला जाते. खुद्द तिथले महापौर वर्षानुवर्षं सांगताहेत की आता नवी बांधकामं नकोत. मग आपण जाऊन त्यात भर का घालायची?

---

दर्यावर्दी (२५ नोव्हेंबर २०२५)

प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं: जहाजातून चार तासांसाठी उतरणारा माणूस बेटाला गर्दी देतो आणि एका आइस्क्रीमचे पैसे. मालकीणबाईंच्या घरी काही दिवस राहून त्यांच्या शेजारच्या खानावळीत जेवणारा वेगळा. माझी रोजीरोटी पहिल्या प्रकारावर चालते, तरी मी हे म्हणतोय. यंदा भूकंपांनंतर पर्यटक कमी झाले तेव्हा हंगामी कामगारांना फटका बसला, तोही मी पाहिलाय. कोणी जाऊच नये हे काही बेटाला परवडणारं नाही.

---

रानवाटा (२५ नोव्हेंबर २०२५)

मनमौजी, मलाही हा प्रश्न पडला होता. एप्रिल, मे किंवा ऑक्टोबर, लहान गाव, जास्त दिवस. मला याहून चांगलं उत्तर सापडलं नाही. ईयाचा सूर्यास्त आम्ही पाहिला नाही. पिर्गोस गावाच्या पायऱ्यांवरून पाहिला, तिथे बाजूला एक आजी भाजी निवडत बसली होती.

आता अक्रोतिरी. १९६७ साली स्पिरिडॉन मारिनातोस यांनी इथे खणायला सुरुवात केली आणि राखेखालून एक अख्खं कांस्ययुगीन शहर निघालं. दोन-तीन मजली घरं, रस्त्याखालून सांडपाण्याची गटारं, माणसाच्या कमरेएवढे रांजण. मारिनातोस १९७४ साली तिथेच, उत्खननावरच, वारले. भिंतींवरची चित्रं आता फिराच्या आणि अथेन्सच्या संग्रहालयांत आहेत. एका भिंतीवर निळी माकडं कड्यावर चढताहेत. २०१९ मध्ये वानर-अभ्यासकांनी ती बारकाईने पाहून सांगितलं की शेपूट वर वाकवून धरायची ढब आफ्रिकन माकडांची नाही, ती आपल्याकडच्या वानरांची आहे. म्हणजे साडेतीन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी चित्रकाराने भारतीय उपखंडातलं वानर, कदाचित मेसोपोटेमियाच्या व्यापारवाटेवर, पाहिलं असावं. बाबा त्या चित्रासमोरून हलेनात. त्यांच्या गावच्या देवळावर बसतात तसेच बसलेत, म्हणाले.

---

बेसाल्ट (२५ नोव्हेंबर २०२५)

वानरांचा मुद्दा सुरेख. अक्रोतिरीबद्दल एक गोष्ट राहिली. पॉम्पेईत माणसांचे साचे मिळाले, अक्रोतिरीत राखेखाली माणसं मिळाली नाहीत. स्फोटाआधी मोठा भूकंप झाला होता. लोक घरं सोडून गेले, मग काही परत आले, ढिगारे उपसून बाजूला लावले, दुरुस्तीला हात घातला. मग राख पडायला लागली आणि ते पुन्हा गेले. पुढे कुठे गेले, बोटींत वाचले का, ते राखेने सांगितलेलं नाही. लाकूड कुजून राखेत पोकळ्या राहिल्या होत्या. त्यात प्लास्टर ओतल्यावर तिवया मिळाल्या, खाटा मिळाल्या.

---

कोयनाकाठ (२५ नोव्हेंबर २०२५)

खाटा वाचून थांबलो.

१९६७ ला आमच्याकडे पडक्या घरातून सगळ्यांत आधी काय बाहेर काढलं असेल तर खाट. भांडी नंतर, धान्य नंतर. अंगणात खाट टाकली, तिच्यावर मला आणि बहिणीला निजवलं, आई-वडील दोन्ही बाजूंना बसून राहिले. थंडी कडाक्याची. बाजली-खाटा सगळ्या गावाच्या अंगणात. ती खाट अजून आमच्या पडवीत आहे, सुंभ दोनदा बदललं.

रानवाटाताई, तिथल्या खाटेचा फोटो असेल तर टाका. पाय कसे बसवलेत ते बघायचंय.

---

रानवाटा (२५ नोव्हेंबर २०२५)

काका, संग्रहालयातल्या तिवईच्या साच्याचा फोटो आहे, पायावर नक्षी स्पष्ट दिसते. खाटेचा बाबांनी काढला असेल, त्यांच्या फोनमध्ये शोधते. तुमच्या पडवीतल्या खाटेचाही एक टाका ना.